घाटावरची सवय, किनाऱ्यावरची भिंत

किनाऱ्यावरची जुनी इमारत शाळेसाठी किंवा महाविद्यालयासाठी बदलताना साहित्य निवडण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: पाणी आणि मीठ भिंतीत शिरते कुठून आणि बाहेर पडते कुठून? छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न सहसा पडत नाही. इथे किल्ले अर्कच्या आवारात शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय वर्षानुवर्षे भरते आहे. जुन्या शहरात काळ्या दगडाच्या, चुन्याच्या आणि पांढऱ्या मातीच्या धाब्याच्या वास्तू अजून वापरात आहेत. पाऊस बेताचा, हवा कोरडी. त्यामुळे सिमेंटच्या गिलाव्यामागे अडकलेली ओल उन्हाळ्यात बरीचशी निघून जाते. चूक झाली तरी ती दिसायला वेळ लागतो. इथे हात बसलेला अभियंता किंवा ठेकेदार रत्नागिरी, मालवण किंवा पणजीकडे काम घेतो, तेव्हा याच सवयी त्याच्याबरोबर जातात. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि वारा बाराही महिने खारा असतो.

कोकणातल्या जुन्या भिंती बहुधा जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि चुन्याच्या असतात. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि नंतर सावकाश सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो. अशा भिंतीला ‘मजबुती’ म्हणून सिमेंटचे प्लास्टर आणि वर प्लास्टिक रंग चढवला की ओल आतच राहते. क्षार पृष्ठभागाच्या मागे साठतात, स्फटिक होताना फुगतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत जोत्याच्या वरचा कंबरभर पट्टा लोणा लागून पोपडे टाकू लागतो. यावर आणखी घट्ट वॉटरप्रूफिंग हा उपाय सुचवला जातो आणि त्यामुळे ओल भिंतीत आणखी वर चढते. जुना सिमेंट गिलावा काढून भिंत एक उन्हाळा मोकळी ठेवणे, दरजा चुन्याने भरणे आणि चुन्याचाच गिलावा करणे हा मार्ग वेळखाऊ असला तरी टिकतो. चुन्याला मात्र घाई चालत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, म्हणून हे काम दसऱ्यानंतर धरून पावसाच्या बरेच आधी संपवावे लागते. शैक्षणिक संस्थांना ते मे महिन्याच्या सुट्टीत हवे असते. बऱ्याच कामांची माती इथेच होते.

जुन्या गवंड्यांच्या मिश्रणांना अनेकदा ठोस कारण असते. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचे संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत आणि तिथल्या चित्रांचे किड्यांनी बरेच नुकसान केले आहे. जुना थर खरवडण्याआधी त्यात काय आहे ते तपासावे, एवढे तरी यातून घेण्यासारखे आहे.

वापर बदलला की भारही बदलतो. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरतात, वर्गखोलीसाठी 300, शाळेच्या व्हरांड्यासाठी 400 आणि ग्रंथालयाच्या पुस्तक-कपाटांसाठी 600 किंवा जास्त. सागवानी वाशांवरच्या माडीला वर्ग पेलवेलही, पुस्तके नाहीत. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा तळमजल्यावर ठेवली की निम्मे मजबुतीकरण वाचते. वरच्या मजल्यावर विटांच्या नव्या भिंती घालू नयेत. फायबर-सिमेंटच्या हलक्या तक्त्यांच्या चालतात. जिप्समचे तक्ते आणि साधे प्लाय मात्र किनाऱ्यावर फुगतात.

छपराबाबत पत्र्याचा मोह मोठा असतो, कारण तो लवकर बसतो. पण मुसळधार पावसात पत्र्याखाली शिकवणे अशक्य होते, आणि पत्र्याचे हुक पत्र्याच्याही आधी गंजतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातल्या अनेक शाळांची छपरे उडाली. कौले ठेवायची तर कडेच्या आणि कण्याच्या ओळी वासे-रिपांना बांधून घ्याव्या लागतात. पत्राच घालायचा तर खाली ध्वनी शोषणारा थर आणि गंजरोधक स्क्रू यांचा खर्च सुरुवातीलाच धरावा लागतो.

सर्वांत फसवी असते ती 1970-80 च्या दशकांतली आरसीसी इमारत. ती नवी वाटते, पण तिच्या सळईवर काँक्रीटचे आवरण बहुधा अपुरे असते. क्लोराइड सळईपर्यंत पोचले की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते आणि काँक्रीट आतून फुटते. मांडवीकाठच्या पणजीतल्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छत जुलै 2023 मध्ये नूतनीकरण चालू असतानाच कोसळले. अशा इमारतीत हातोडा-चाचणीवर थांबणे पुरेसे नाही, कारण ती पृष्ठभागाचा कडकपणा सांगते, सळईची अवस्था नव्हे. फिनॉल्फ्थॅलीन लावून काँक्रीटची अल्कता किती खोलीपर्यंत नष्ट झाली ते पाहणे आणि वेगवेगळ्या खोलीवरचा भुगा काढून त्यातले क्लोराइड मोजणे, या दोन स्वस्त चाचण्या निर्णय बदलू शकतात. फक्त फुटलेला तुकडा काढून नवा भरला, तर त्याच्या कडेच्या जुन्या काँक्रीटमधली सळई नव्याने गंजू लागते.

नव्या आरसीसी कामाला मानक आयएस 456 किनारी वातावरणासाठी किमान एम-30 काँक्रीट आणि 45 मिलिमीटर आवरण सांगते; लाटांचे तुषार लागत असतील तर एम-35 आणि 50 मिलिमीटर. संभाजीनगरच्या कोरड्या हवेत आत झाकलेल्या भागाला एम-20 आणि 20 मिलिमीटरही नियमात बसतात. तोच नकाशा किनाऱ्यावर नेणे महागात पडते. स्लॅग सिमेंट क्लोराइडला चांगले अडवते. खाडीची वाळू आणि समुद्राजवळच्या विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय वापरू नये. एप्रिल-मेमध्ये त्या विहिरी जास्त खारट होतात आणि नेमके तेव्हाच काम चालू असते. इपॉक्सी लेपाच्या सळईवर विसंबून आवरण कमी करू नये: फ्लोरिडातल्या कीज बेटांच्या पुलांत अशा सळया काही वर्षांतच गंजल्या होत्या. लेप हाताळणीत खरचटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

बारीकसारीक वस्तूंत स्टेनलेस स्टीलचा दर्जा विचारून घ्यावा. 304 वर किनाऱ्यावर तांबूस डाग पडतात, 316 टिकते. ॲल्युमिनियमच्या खिडकीला साधे लोखंडी स्क्रू मारले की स्क्रू गंजतात आणि ॲल्युमिनियम झिजते. जुन्या सागवानी खिडक्या सांधून रंगवणे त्याहून स्वस्त पडते, फक्त दर काही वर्षांनी रंगाचा हात द्यावा लागतो, आणि ती तरतूद इमारतीच्या अंदाजपत्रकात नव्हे तर संस्थेच्या वार्षिक खर्चात असावी लागते.