ब्लीचची बाटली खाली ठेव

मालवण

चि. बाबू,

फोटो पाहिले. होडीच्या छतावर काळे ठिपके, सीटच्या कडांना हिरवट बुरशी आणि पांढऱ्या गादीवर गुलाबी डाग. नारळी पौर्णिमा झाली, सप्टेंबर उजाडला की देवबागला पर्यटक येऊन उभे राहणार, म्हणून तुझी घाई समजते. तरी ब्लीचची बाटली आधी खाली ठेव. तिची पाळी शेवटी.

तुझं छत अ‍ॅक्रिलिकचं आहे. बुरशी तो धागा खात नाही, त्यावर बसलेला मळ खाते : धूळ, पक्ष्यांची घाण, डिझेलची काजळी. म्हणून मळ गेला की अर्धं काम झालं. छत सांगाड्यावरून उतरव, उघड्यावर ने, तोंडाला फडकं बांध आणि कोरडं असतानाच मऊ ब्रशने झाड. ओल्यावर घासलंस तर बुरशी विणीत आणखी आत जाते. मग कोमट पाणी आणि सौम्य साबण. गाड्या धुण्याचा जोरदार फवारा मारू नकोस, कापडावरचा पाणीरोधक लेप उडतो.

एवढं करूनही ठिपके राहिले तरच ब्लीच. 4 लिटर पाण्यात एक कप, सोबत पाव कप पातळ साबण. 15 मिनिटं ठेव आणि वास जाईपर्यंत गोड्या पाण्याने धू. हे फक्त अ‍ॅक्रिलिकला. जुनी सुती ताडपत्री असेल तर तिचा धागाच बुरशीचं अन्न असतो, आणि ब्लीचने तो आणखी कमकुवत होतो. सीटचं रेक्झिन पुसायला तू व्हिनेगर आणलंयस म्हणे. ते चालेल, पण ब्लीचच्या बादलीजवळही नेऊ नकोस. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. छत वाळल्यावर पाणी शिंपडून बघ. थेंब घरंगळले नाहीत, जिरले, तर पाणीरोधक फवारा पुन्हा मारावा लागेल.

सीटच्या बाबतीत मात्र तुझं रोग म्हशीला आणि इलाज पखालीला चाललंय. रेक्झिन पाच मिनिटांत चकाचक होईल, कुबट वास जाणार नाही, कारण ओल फोममध्ये आहे. खालच्या कडेला तळहाताने दाब दे. टाक्यांतून पाणी पाझरलं तर सीट उलटी कर, प्लायवुडच्या पिना काढ, फोम बाहेर घे. आतून काळा पडला असेल तर टाकून दे, तो धुऊन सुधारत नाही. गुलाबी डागाचंही मूळ आतच. रेक्झिनच्या मागे सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा रंग रेक्झिन मऊ ठेवणाऱ्या द्रव्यात विरघळतो आणि वर उमटतो. पृष्ठभाग कितीही घास, तो आतून पुन्हा येतो. ते रेक्झिनच बदलायचं, दुसरा उपाय नाही. नवं लावताना प्लायला खालून चार-सहा भोकं पाड, म्हणजे शिरलेलं पाणी निथळेल.

आता पुढच्या मे महिन्याचं. होडी शाकारण्याआधी तू कापडांवर गोडं पाणी मारलं नसणार. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे खारवलेलं कापड पावसाळाभर वाळतच नाही. धू, कडक उन्हात शिवणीसुद्धा वाळेपर्यंत ठेव आणि निघेल ते सगळं घरी आण. गाद्या माळ्यावर उभ्या ठेव, एकमेकींना चिकटवू नकोस. त्यांना प्लास्टिकच्या कागदात गुंडाळणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. होडीवरही निळा कागद चारी बाजूंनी आवळतोस, तो सोड. आपले वाडवडील माडाच्या झावळ्यांचे झाप घालायचे, त्यातून वारा फिरायचा. कागदच घालायचा तर नाळीकडचं आणि मागचं तोंड उघडं राहू दे, आणि उघडीप मिळाली की वर उचल. ओल शोषणाऱ्या डब्यांवर पैसे घालू नकोस. बंद पेटीत ते उपयोगी पडतात. आपल्या होडीच्या मांगरात चारी बाजूंनी पावसाळी हवा शिरते, तिथे आठवडाभरात डब्यात पाणी साचतं आणि बुरशी आपली जागेवरच.

राहिली लाइफ जॅकेटं. ओली तशीच ढीग करून ठेवली होतीस, फोटोच्या कोपऱ्यात दिसतात. त्यांना ब्लीच अजिबात लावू नकोस, पट्ट्या आणि दोरे कमजोर होतात. सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाऱ्यावर टांग. पहिली खेप सोडण्याआधी प्रत्येक जॅकेटाची पट्टी दोन्ही हातांनी जोरात ओढून बघ. टाका उसवला किंवा फोम चेपलेला लागला, तर ते जॅकेट कुठल्याही प्रवाशाच्या गळ्यात घालू नकोस, मग घाटावर कितीही रांग असो.

तुझा,
मामा