आपल्याला न दिसणारे मार्क

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, जेवणाची रांग लागली की कुणीतरी हमखास सांगतं, "आमचा रनिंग स्टार्टला आहे ना! हायस्कूल संपेपर्यंत कॉलेजची दोन वर्षं खिशात." आपण तोंडभर "अरे वा!" म्हणतो. मग घरी येताना आरशातून मागच्या सीटवरच्या आपल्या रत्नाकडे बघतो. ते कानात हेडफोन घालून झोपलेलं असतं. झालं, पोटात कालवाकालव सुरू.

सगळ्यांचंच होतं हे. अमेरिकेतल्या कॉलेजच्या फीचे आकडे ऐकले की झोप उडते. त्यात कुणी "फुकट" म्हटलं की आपण मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करतोच. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो. इथे १९९०च्या कायद्यामुळे रनिंग स्टार्ट आलं. अकरावी-बारावीच्या मुलांनी कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसायचं, ट्यूशन माफ, आणि तोच विषय शाळेलाही धरतात, कॉलेजलाही. पुस्तकं, किरकोळ फिया आणि जाण्या-येण्याचा खर्च मात्र आपला. मिनेसोटात अशी सोय १९८५पासून आहे. ओहायोत तर सातवीच्या मुलालाही अर्ज करता येतो. काही ठिकाणी मूल कॉलेजात जातच नाही, कॉलेजचा कोर्सच शाळेच्या वर्गात येतो आणि शिकवायला शाळेतल्याच बाई असतात. तुमच्याकडे काय आहे ते शाळेच्या काउन्सेलरला विचारा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो तो आपल्या राज्याचा नियम अख्ख्या देशाचा म्हणून ठोकून देतो.

आपल्या पिढीला यात एवढं काय विशेष, ते चटकन उमगत नाही. दहावी झाली की आपण कॉलेजातच गेलो की! कुणी फर्ग्युसनला, कुणी रुईयाला, कुणी तालुक्याच्या गावी एस.टी.ने. पण पुस्तकं बोर्डाची होती. अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, बारावीला कंबर कसली की भागायचं. तुमचे अकरावीचे मार्क नंतर कुणी विचारले का हो कधी?

इथे विचारतात. सोळाव्या वर्षी मिळालेली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमची बसते. शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) कोर्सचं तसं नसतं. एपीची परीक्षा मे महिन्यात होते, एक ते पाचमधला आकडा येतो, आणि तो नाही आवडला तर बहुतेक ठिकाणी पाठवला नाही तरी चालतं. आपल्या किती घरांत "डॉक्टर होणार" हे मूल पाळण्यात असतानाच ठरलेलं असतं! त्यांनी तर हे नक्की ऐकून ठेवावं. एमडीच्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज एएमसीएएस या सामायिक अर्जव्यवस्थेतून जातात आणि त्यात शाळेत असताना केलेले कॉलेजचे कोर्सही लिहावे लागतात. जीपीएत ते धरले जातात. सोळाव्या वर्षीचा केमिस्ट्रीतला 'सी' बाविसाव्या वर्षी पुन्हा हजर.

शिवाय वेग. आमच्याकडे कॉलेजचा क्वार्टर जेमतेम अकरा आठवड्यांचा. पाच क्रेडिटचा एक कोर्स म्हणजे शाळेचं एक अख्खं वर्ष. फ्लूने एक आठवडा गेला तर शाळेच्या हिशेबात जवळजवळ महिना बुडाला म्हणा ना.

आता जरा आपल्याबद्दल बोलू. शाळेचं पोर्टल आपण दिवसातून किती वेळा उघडतो, खरं सांगा. मूल बसमधून उतरायच्या आत आपल्याला क्विझचे मार्क कळलेले असतात. तरी दार उघडताना आपण अगदी भोळा चेहरा करून विचारतो, "काय गं, कशी गेली क्विझ?" तीही तितक्याच भोळेपणाने म्हणते, "ठीक." दोघींनाही सगळं माहीत असतं.

कॉलेजात हा खेळ बंद. एरवी मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत शाळेतल्या नोंदींवर आपला, पालकांचा हक्क असतो. पण फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या कायद्यानुसार कॉलेजात नाव घातलं की तिथल्या नोंदींचा हक्क मुलाचा, मग ते सोळाचं का असेना. आपण फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात सांगते, "सॉरी, मला याबद्दल बोलता येणार नाही." मूल टॅक्सच्या कागदांवर आपल्यावर अवलंबून आहे असं दाखवलं तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण दिलीच पाहिजे असं नाही. आणि पोराचे मार्क बघायला टॅक्स रिटर्नची फाइल काखेत मारून निघायचं? नकोच ते.

मग पासवर्ड मागावासा वाटतो. हात शिवशिवतात. मला वाटतं, नाही मागितला तर बरं. त्यापेक्षा रविवारी पोहे खाताना "या आठवड्यात काय काय आहे तुझं?" एवढंच विचारून बघा. सांगेल तेवढं ऐकायचं. पोह्यांवर आणखी लिंबू पिळायचं, पण पुढचा प्रश्न गिळायचा. मला अजून हे धड जमत नाही, पण जमलं त्या रविवारी लेकीने आपणहून लॅपटॉप माझ्याकडे वळवलाय.

तिच्या पहिल्या कोर्सचा सिलॅबस आमच्या जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या भांड्याशेजारी बरेच दिवस पडून होता. कोपऱ्यावर हळदीचा डाग. त्यात एक ओळ जाड अक्षरात होती: उशिरा आलेलं काम घेतलं जाणार नाही. शाळेत बाई दोनदा आठवण करतात, तिसऱ्यांदा घरी ईमेल येते. कॉलेजात त्या एका कागदावर सगळं भागतं. प्रोफेसरांना पहिली ईमेल लिहायला ती बसली तेव्हा "हाय" लिहावं की "डिअर प्रोफेसर", यातच अर्धा तास गेला. मी शेजारी कणीक मळत होते, म्हणून बरं. हात रिकामे असते तर मीच लिहून टाकली असती.

मुलांना काय वाटतं, तेही ऐकण्यासारखं असतं. वर्गात शेजारी रात्रपाळी करून आलेला माणूस, पुढे दोन लेकरांची आई. बाथरूमला जायला पास लागत नाही, याचाच केवढा आनंद! पण जेवायला सोबत कुणी नसतं. शाळेत परतावं तर मैत्रिणींचा कालचा विनोद कळत नाही. दोन्हीकडे पाहुण्यासारखं. त्या काळात मूल गप्प गप्प झालं तर लगेच अभ्यासावर घसरू नका, डबा कुठे बसून खाल्ला ते विचारा.

शाळेत ज्या मुलांना जास्तीचा वेळ किंवा वेगळी मदत ठरवून दिलेली असते, त्यांच्या आई-बाबांनो, ती व्यवस्था आपोआप कॉलेजात येत नाही. तिथल्या ऑफिसात मुलालाच जाऊन सांगावं लागतं. पहिल्या खेपेला गाडीतून सोडा आणि पार्किंगमध्ये थांबा.

आणि ती खिशातली दोन वर्षं? राज्याच्या सरकारी विद्यापीठात जायचं असेल तर बरीचशी क्रेडिटं कामी येतात. नावाजलेली खासगी कॉलेजं मात्र, शाळेच्या डिप्लोमासाठी धरलेला कोर्स पुन्हा आमच्याकडे धरणार नाही, असं पुष्कळदा सांगतात. तेव्हा कोर्स घेण्याआधीच त्या त्या कॉलेजच्या साइटवर बघितलेलं बरं.

एक गोष्ट मुलाला सुरुवातीलाच सांगून टाका: नाही झेपलं तर सोडता येतं. पहिल्या काही दिवसांत सोडलं तर नोंदही राहत नाही. नंतर सोडलं तर 'डब्ल्यू' (विथड्रॉन, म्हणजे कोर्स सोडल्याचा शेरा) लागतो, पण तो 'एफ'पेक्षा शंभर पटीने बरा. 'एफ' पुढे सरकारी आर्थिक मदतीच्या वेळीही आडवा येऊ शकतो. सोडायच्या तारखा कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये असतात, त्या फ्रिजवर चिकटवा. आपण रागावू या भीतीनेच मुलं ती तारीख उलटू देतात.

पहिला कोर्स कुठला, यावर आपली यादी तयारच असते: कॅल्क्युलस, केमिस्ट्री, कम्प्युटर. मुलाची यादी वेगळी निघाली तर बघू या तरी. आमच्या ओळखीतल्या एका पोराने साइन लँग्वेज घेतली. आईने कपाळाला हात लावला होता. तो आता घरात सगळ्यांना जेवायची खूण शिकवतोय.

आमच्याकडे दर क्वार्टरच्या फॉर्मवर आपलीही सही लागते. ती करण्याआधी सहज विचारा, "तुला का घ्यायचाय हा कोर्स?" "मित्र घेतोय म्हणून" असं उत्तर आलं तरी चिडू नका, सोळाव्या वर्षी तेही कारण असतं. फक्त मग पहिल्या क्वार्टरला एकच कोर्स घेऊ दे, बाकीचे विषय शाळेतच.