ॲप ‘लोकेशन’ मागते तेव्हा

समजा, तुम्ही घरबसल्या बँकेत बचत खाते उघडत आहात. आधार आणि पॅन देऊन झाले. आता व्हिडिओ केवायसी, म्हणजे बँकेच्या अधिकाऱ्यासमोर मोबाइलवरून ओळख पटवणे. तेवढ्यात पडद्यावर चौकट येते : ‘पुढे जाण्यासाठी लोकेशन सुरू करा.’ मुलगा म्हणतो, “दे दाबून, आई.” जाऊबाई म्हणतात, “देऊ नकोस, खात्यातले पैसे जातील.” ऐकायचे कोणाचे?

कोणाचेच नाही. आधी स्वतःला विचारा : कोण मागते आहे, कशासाठी, आणि किती वेळासाठी?

बँक लोकेशन का मागते?

व्हिडिओ केवायसी करताना ग्राहक प्रत्यक्ष भारतात आहे याची खात्री बँकेने करावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी त्या वेळचे तुमचे ठिकाण नोंदवले जाते. म्हणून लोकेशन बंद असेल तर काम पुढे सरकत नाही. इथे परवानगी देणे योग्य आहे. नुसत्या लोकेशनवरून खात्यातले पैसे कोणी काढू शकत नाही; त्यासाठी चोराला तुमचा पिन, ओटीपी किंवा फोनचा ताबा लागतो.

जवळचे एटीएम किंवा शाखा शोधतानाही ॲप लोकेशन मागते. पण तिथे गावाचे नाव किंवा पिनकोड लिहूनही बहुतेक वेळा काम भागते.

कर्ज देणारे ॲप मागते तेव्हा

इथे जास्त जपायला हवे. ॲपवरून मिळणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले आणि २०२५ च्या निर्देशांतही ते कायम ठेवले. त्यांनुसार कॅमेरा, माइक आणि लोकेशन यांची परवानगी फक्त ग्राहक-नोंदणी आणि केवायसीसाठी, एकदाच आणि तुमच्या स्पष्ट संमतीने घेता येते. फोनमधले नंबर, कॉलची नोंद, फोटो आणि फायली यांना कर्जाच्या ॲपने हातही लावायचा नाही.

घाईत आपण एकामागून एक चौकटींवर ‘अनुमती द्या’ दाबत जातो. लोकेशनच्या पुढची चौकट नंबरांच्या यादीची असते, तीही दाबली जाते. मग हप्ता एक दिवस चुकला, की बेकायदा ॲपवाले भावाला, शेजाऱ्याला, कामाच्या ठिकाणी फोन करून बदनामी करतात. तुम्ही कुठे राहता आणि कुठे काम करता, हेही त्यांना ठाऊक असते. म्हणून प्रत्येक चौकट वाचा. नंबरांची यादी मागणारे कर्जाचे ॲप तिथेच बंद करा.

कोणता पर्याय निवडावा?

अँड्रॉइड फोनवर साधारणपणे असे पर्याय दिसतात. फोननुसार शब्द थोडे वेगळे असतील.

१. फक्त यावेळी : केवायसीसाठी हा पुरेसा आहे.
२. ॲप वापरताना : रोज वापरायच्या, खात्रीच्या बँक किंवा पेमेंट ॲपसाठी.
३. अनुमती देऊ नका : कारण पटत नसेल तर.

सेटिंग्जमध्ये काही ॲपसाठी ‘नेहमी’ असाही पर्याय असतो. पैशाच्या व्यवहाराला त्याची गरज नसते.

फोनचे लोकेशन आणि ॲपची परवानगी ही दोन वेगळी बटणे आहेत. केवायसी अडली तर दोन्ही तपासा. काम झाल्यावर सेटिंग्जमधील ‘लोकेशन’मध्ये जाऊन कोणत्या ॲपला परवानगी आहे ते पाहा आणि नको असलेली काढून टाका.

अडले तर काय करू नये?

लोकेशन सुरू होत नाही म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. “मी सुरू करून देतो, हे ॲप घ्या,” असे सांगून ठग तुमचा पडदा पाहू लागतो. नंबर पासबुकावरचा किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच घ्या, नाहीतर सरळ शाखेत जा.

लक्षात ठेवा

• कर्ज घेण्याआधी कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती, ते पाहा. तिच्या ॲपचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत शोधा.
• परवानगी देणे जसे तुमच्या हातात आहे, तसे ती काढून घेणेही.
• पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.
• बेकायदा कर्ज-ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करता येते.

सराव

आज आपल्या फोनमध्ये पाहा : किती ॲपना ‘नेहमी’ लोकेशन दिलेले आहे? प्रत्येकापुढे कारण लिहा. ज्याच्यापुढे कारण सुचत नाही, त्याची परवानगी आजच काढा.