माल भारी, छायाचित्र हलके : संकेतस्थळासाठी चित्रे कशी तयार करावीत?

आपल्या समाजातील अनेक व्यापारी व कारागीर बंधूंनी अलीकडे स्वतःची संकेतस्थळे काढली आहेत. ही समाधानाची बाब आहे. परंतु दुकान थाटावे आणि त्याला दरवाजा इतका जड बसवावा की गिऱ्हाइकाला तो ढकलताच येऊ नये, अशी अवस्था त्यांतील पुष्कळ संकेतस्थळांची झाली आहे. हा जड दरवाजा म्हणजे त्यावर ठेवलेली अवजड छायाचित्रे होत.

औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरू शालींचा व्यापार करणाऱ्या आमच्या एका परिचितांनी आपले नवे संकेतस्थळ आम्हांस मोठ्या हौसेने दाखवले. त्यांच्या दुकानातील संगणकावर ते झटकन उघडले. पण त्याचे कारण असे की, ती चित्रे त्या संगणकात आधीच साठून राहिलेली होती. आम्ही आमच्या साध्या मोबाईलवर तेच पान उघडले तेव्हा शालींची नावे आली, किंमती आल्या, आणि शालींच्या जागी पांढरे चौकोन राहिले. बारा शाली होत्या आणि प्रत्येकीचे छायाचित्र मोबाईलमधून निघाले तसेच, सुमारे चार एमबी वजनाचे, चढवलेले होते. म्हणजे एकूण ४८ एमबी. सेकंदाला चार मेगाबिट वेगाने चालणाऱ्या जोडणीवर एवढा माल उतरायला ९६ सेकंद लागतात. गूगलच्या मोजपट्टीनुसार पानावरील सर्वांत मोठे चित्र वा मजकूर अडीच सेकंदांत दिसला तर ते पान चांगले समजले जाते. दीड मिनिट थांबून शाल पाहणारा गिऱ्हाईक कोठे मिळणार?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, चित्राचे वजन दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक त्याची लांबी-रुंदी आणि दुसरी ते कोणत्या पद्धतीने बांधून ठेवले आहे ती फाइल. आपले लोक दुसऱ्या गोष्टीची चौकशी फार करतात आणि पहिलीकडे पाहतही नाहीत. वस्तुतः खरी बचत पहिलीत आहे. आजच्या मोबाईलचे साधारण छायाचित्र ४००० बाय ३००० ठिपक्यांचे, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचे असते. उलट बहुतेक मोबाईलचा पडदा रुंदीला हजार-बाराशे ठिपक्यांच्या आसपास असतो. तेच चित्र १२०० बाय ९०० केले की १० लाख ८० हजार ठिपके उरतात, म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा! पाहणाऱ्याच्या डोळ्याला मोबाईलवर फरक जाणवत नाही. कापड जवळून दाखवण्यासाठी एखादे चित्र लांब बाजूला १६०० किंवा २००० ठिपक्यांचे ठेवावे, पण ते एखादेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संकेतस्थळ बनवणारे काही जण मोठेच चित्र चढवतात आणि पानावर ते लहान दिसेल अशी सोय करतात. अशाने चित्र लहान दिसते, वजन मात्र तसूभरही कमी होत नाही. गिऱ्हाइकाला संपूर्ण गठ्ठा उतरवून घ्यावाच लागतो.

आता फाइलच्या प्रकाराकडे वळू. छायाचित्रांसाठी सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे जेपेग. त्याचे मानक १९९२ साली ठरले. त्याच्या मुळाशी जे गणित आहे ते मांडणारे गृहस्थ आपल्याच देशात जन्मले, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. तेथेच १९६१ साली अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. चित्रातील माहिती दाबून लहान करण्याची आपली कल्पना त्यांनी १९७२ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदानासाठी पाठवली, तेव्हा ती नाकारली गेली. ते थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासमवेत त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जगात कोणी जेपेग छायाचित्र उघडतो तेव्हा याच गणिताचा वापर होत असतो.

हे गणित साधारण असे काम करते. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे, म्हणजे ६४ ठिपक्यांचे लहान चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनात उजेड-अंधार सावकाश कोठे बदलतो आणि भरभर कोठे बदलतो, याचा हिशेब मांडला जातो. सावकाश बदल डोळ्याला चटकन दिसतात म्हणून ते नीट राखले जातात, बारीकसारीक बदल ढोबळ केले जातात वा गाळले जातात. किती गाळावे हे आपण 'क्वालिटी'च्या आकड्याने ठरवतो. ७५ ते ८५ हा आकडा बहुतेक मालासाठी पुरेसा आहे. १०० ठेवल्यास वजन वाढते, शोभा वाढत नाही. फार खाली गेल्यास तेच चौकोन डोळ्यांना दिसू लागतात.

ज्या चित्रात अक्षरे आहेत, उदाहरणार्थ दुकानाचे बोधचिन्ह किंवा दरपत्रक, ते जेपेगमध्ये ठेवू नये. अक्षरांच्या कडांभोवती मळकट डाग पडतात. त्यासाठी १९९६ चा पीएनजी हा प्रकार योग्य, कारण त्यात काहीही गाळले जात नाही. पण त्याच कारणाने शालीचे छायाचित्र पीएनजीमध्ये ठेवणे म्हणजे वजन कित्येक पटींनी वाढवणे होय. १९८७ चा जिफ हा प्रकार फक्त २५६ रंग जाणतो, मालाच्या चित्रासाठी त्याचा विचारही करू नये.

नव्या प्रकारांपैकी वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला. तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा तो २५ ते ३४ टक्के हलका असल्याचे गूगलचे स्वतःचे मोजमाप आहे. ॲपलच्या सफारीनेही २०२० पासून तो स्वीकारल्यामुळे आता तो निर्धास्तपणे वापरावा. त्याहून नवा ॲव्हिफ २०१९ चा. तो बहुधा आणखी हलका होतो, पण चित्र तयार व्हायला वेळ जास्त घेतो आणि जुन्या मोबाईलवर दिसत नाही. त्यामुळे तो ठेवल्यास सोबत जेपेग ठेवण्याची सोय, जिला पिक्चर टॅग म्हणतात, ती संकेतस्थळ बनवणाऱ्याकडून करून घ्यावी. आयफोनची हाइक फाइल मात्र कधीही तशीच चढवू नये. बहुतेक ब्राउझर ती उघडत नाहीत.

इथवर सारे सोपे आहे. कापडाच्या व्यापाऱ्याची अडचण येथून पुढे सुरू होते.

आपला डोळा उजेडातील फरक बारकाईने टिपतो, रंगातील फरक तितक्या बारकाईने टिपत नाही. याचा लाभ घेऊन या फाइलींमध्ये बहुधा चार-चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद ठेवली जाते. माणसाच्या चेहऱ्याला याने काही होत नाही. पण हिमरूमध्ये सुती ताण्यावर रेशमी बाण्याची बारीक वेलबुट्टी असते. हिरव्या जमिनीवरची लाल बुट्टी असेल तर तिच्या कडा फिसकटतात, लाल रंग मंद होतो. गाळणी लावलेल्या वेबपीमध्ये ही काटछाट टाळता येत नाही. जेपेगमध्ये 'क्रोमा सबसॅम्पलिंग' बंद करून ती टाळता येते. ॲव्हिफमध्येही पूर्ण रंग राखण्याची सोय आहे. तेव्हा संपूर्ण शालीचे चित्र वेबपीमध्ये आणि बुट्टीचे जवळचे चित्र पूर्ण रंगाच्या जेपेगमध्ये, अशी विभागणी आम्ही सुचवतो. जवळचे चित्र थोडे जड झाले तरी चालेल.

रंगाचा दुसरा घोटाळा असा की, आयफोन व इतर काही मोबाईल 'डिस्प्ले पी-३' या विस्तृत रंगपट्ट्यात छायाचित्र काढतात. चित्र हलके करताना ही माहिती गळून गेली की रंग फिके दिसतात. म्हणून आधी ते 'एसआरजीबी'मध्ये रूपांतरित करून मग हलके करावे.

काही जण उलट करतात. चित्र फिके पडले म्हणून रंग मुद्दाम भडक करतात, किंवा कापडातील दोष पुसट करून टाकतात. वर कोरडे आणि खाली ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची हदीस आपणा सर्वांना परिचित आहे. तेथे गिऱ्हाइकाला ढिगात हात घालून पाहता तरी येत होते, येथे तेही शक्य नाही. त्याच्यापुढे चित्र हाच माल आहे. म्हणून तयार चित्र मोबाईलवर उघडावे, खिडकीच्या उजेडात खरी शाल शेजारी धरावी आणि दोन्ही जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील तर चित्र बदलावे, आणि तरीही न जुळल्यास खाली तसे स्पष्ट लिहावे.

मूळ छायाचित्र कोठून आले हेही महत्त्वाचे आहे. विणकर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, दुकानदार तो उतरवून घेतो, आणि पुन्हा दाबून संकेतस्थळावर ठेवतो. व्हॉट्सॲपने तो आधीच एकदा दाबलेला असतो. दाबलेले पुन्हा दाबले की दर्जा दर वेळी घसरतो. यास्तव विणकराला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे, आणि मूळ फाइली एका वेगळ्या कप्प्यात हात न लावता जपून ठेवाव्यात. उद्या नवा प्रकार आला तर त्याच कामी येतील. शिवाय मूळ छायाचित्रात ते कोठे काढले त्या ठिकाणाची नोंद लपलेली असू शकते. घरी बसून भरतकाम वा शिवण करणाऱ्या आपल्या भगिनींच्या घराचा पत्ता अशा रीतीने जगापुढे जाऊ नये, म्हणून चढवण्यापूर्वी ही नोंद काढून टाकावी.

साधनांसाठी खर्च करण्याची गरज नाही. स्क्वूश हे गूगलच्या चमूचे साधन ब्राउझरमध्येच चालते, आपले चित्र बाहेर कोठे पाठवले जात नाही, आणि आधीचे व नंतरचे चित्र शेजारी-शेजारी दिसते. शिकण्यासाठी याहून चांगले साधन नाही. मात्र ते एका वेळी एकच चित्र घेते. गिंप हे मोफत आहे आणि व्यापारासाठीही वापरता येते. शेकडो चित्रे एकदम करायची तर इरफानव्ह्यू उपयोगी आहे. मूळचे बोस्नियाचे इरफान श्किल्यान यांनी १९९६ पासून हे साधन चालवले आहे. ते घरगुती वापरासाठी मोफत आहे, दुकानासाठी वापरायचे तर परवाना विकत घ्यावा लागतो. तो न घेता वापरणे योग्य नव्हे. ज्यांचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे त्यांना आवृत्ती ५.८ पासून वेबपी आणि ६.५ पासून ॲव्हिफ थेट चढवता येते.

संकेतस्थळ बनवणाऱ्याला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. खालची चित्रे गिऱ्हाईक तेथवर पोहोचेल तेव्हाच उतरावीत, पहिले मात्र लगेच यावे. आणि प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी आधीच लिहिलेली असावी, नाहीतर चित्र येताच मजकूर खाली ढकलला जातो आणि बोट भलत्याच ठिकाणी पडते.

आमच्या त्या परिचितांनी दोन संध्याकाळी बसून बाराही चित्रे नव्याने केली. दहा चित्रे प्रत्येकी सव्वाशे केबीच्या आत बसली. दोन शालींची बुट्टी फार बारीक होती, त्या त्यांनी पूर्ण रंगाच्या जेपेगमध्येच, तीनशे केबीच्या आसपास ठेवल्या. एकूण वजन दोन एमबीच्या आत आले. पूर्वीच्या ९६ सेकंदांच्या जागी आता चार सेकंदही लागत नाहीत, आणि पहिली शाल तर त्याहून पुष्कळ आधी दिसते. एका जांभळ्या शालीचा रंग काही केल्या पडद्यावर जुळेना. तिच्याखाली त्यांनी लिहिले आहे : 'प्रत्यक्षात रंग याहून थोडा गडद आहे.'