फ्लॅश टीटीएलवर की मॅन्युअलवर?

प्रश्न : लग्नात फ्लॅश टीटीएलवर ठेवतो. पांढऱ्या साडीतल्या आजी काळवंडतात, काळ्या शेरवानीतला नवरदेव मात्र पांढराफटक येतो. मॅन्युअल वापरावं का?

उत्तर : स्टेजवरच्या फोटोंसाठी जरूर वापरा. टीटीएलमध्ये मुख्य झगमगाटाआधी फ्लॅश एक बारीक चमक सोडतो आणि परत आलेला प्रकाश कॅमेरा लेन्समधून मोजतो. समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे, असं धरूनच तो हिशेब करतो. पांढरी साडी भरपूर प्रकाश परतवते, म्हणून तो फ्लॅश आवरतो. काळ्या कापडापुढे वाढवतो.

मॅन्युअलमध्ये कपड्यांचा संबंधच उरत नाही, महत्त्वाचं असतं ते अंतर. आयएसओ १०० ला गाइड नंबर ४० असेल आणि जोडपं ५ मीटरवर असेल, तर ४० भागिले ५ म्हणजे एफ/८. पॉवर एक चतुर्थांश केली की एफ/४. (फ्लॅश छताकडे वळवलात तर हे गणित लागू नाही, एक चाचणी फोटो काढून पॉवर ठरवा.) रिसेप्शनला पाहुणे बदलतात, तुमची जागा बदलत नाही. एकदा जमवलेली पॉवर शेवटच्या पाहुण्यापर्यंत चालते, आणि अल्बममध्ये सगळे चेहरे एकसारखे उजळतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

वरातीत मात्र टीटीएलच बरा. माणसं पुढेमागे नाचत असतात, अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो. तिथे पांढऱ्या कपड्यांसाठी फ्लॅश कॉम्पेन्सेशन अधिक १ करा, काळ्यांसाठी उणे १.