तामारेस गप्प बसविणारे घर

शास्त्रपाठ : २ शमुवेल १३:१-२२; मार्क ५:२५-३४

ह्या पाठातील पहिला अध्याय मंडळीत क्वचितच वाचला जातो. दावीद राजाची कन्या तामार हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन ह्याने बलात्कार केला. आजारी भावास जेवण करून वाढावे म्हणून बापानेच तिला त्याच्या घरी पाठविले होते. मग सख्खा भाऊ अबशालोम ह्याने तिला गप्प राहावयास सांगितले. दावीद संतापला, पण त्याने न्याय केला नाही. आणि तामार भावाच्या घरी उदास होऊन राहिली. पाप एकाचे होते, परंतु मौन साऱ्या घराचे होते.

हे मौन आजही आहे. केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने सन २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणासही कळविली नव्हती. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमास बंदी केली.

ह्या विषयावर मराठीत उघडपणे लिहिणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे मिशनच्याच विद्यालयात, गणिताचे अध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांस ती नोकरी सोडावी लागली. सन १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले व त्यापायी खटले सोसले. त्यांची सर्व मते आम्हांस मान्य नाहीत. तथापि अज्ञान म्हणजे पावित्र्य नव्हे, हे त्यांचे म्हणणे खरे होते.

कोणी म्हणतील, अशा शिक्षणाने मुले बिघडतील. युनेस्कोने सन २०१८ मध्ये अनेक देशांतील संशोधन तपासून सांगितले की, असे शिक्षण दिल्याने मुलांचे लैंगिक वर्तन वाढत नाही. शास्त्रही ह्या बाबतीत संकोच करीत नाही. लेवीय १५ मध्ये स्त्री व पुरुष ह्या दोघांच्याही शरीरधर्मांविषयी स्पष्ट लिहिले आहे, आणि अनुवाद ३१:१२ प्रमाणे नियमशास्त्र लेकराबाळांसमक्षही वाचावयाचे होते.

आमच्या नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवण ह्या भागांतील पुष्कळ मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. अशा मुलीस पहिली पाळी येते तेव्हा आई जवळ नसते. पाळी हा रोग नव्हे व विटाळही नव्हे, हे तिला आधीच ठाऊक असले पाहिजे; तिला स्वच्छ कापड, पाणी व दार लागणारा संडास मिळाला पाहिजे. मुलासही आपल्या शरीरातील बदल कळले पाहिजेत, आणि मुलीची चेष्टा करणे हे पाप आहे हेही शिकविले पाहिजे. बहिऱ्या, आंधळ्या व मंद बुद्धीच्या लेकरांना तर हे अधिक सावकाश, त्यांस समजेल अशा रीतीने सांगावे. कारण त्यांस फसविणे दुष्टास सोपे जाते. ज्या लेकराचे वागणे मुलगा किंवा मुलगी ह्या ठरीव चाकोरीत बसत नाही, त्याची टवाळी करून त्यास शाळेतून पळवून लावू नये. यशया ५६:३-५ मध्ये देव षंढांसही आपल्या घरात नाव देतो.

सन २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्यास कळेल, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. घराण्याच्या किंवा मंडळीच्या अब्रूसाठी ते झाकणे हा गुन्हा आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा टेलिफोन आहे; तो अंक प्रत्येक लेकरास पाठ असावा.

दुसऱ्या वाचनातील स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली होती. ती भीत भीत पुढे आली व तिने प्रभूस सर्व खरे सांगितले. त्याने तिला दटावले नाही. मुलगी म्हणून हाक मारली व शांतीने पाठविले. अबशालोमाच्या घरात तामारेस बोलता आले नाही. येशूजवळ ह्या स्त्रीस बोलता आले. आपले घर ह्या दोहोंपैकी कोणासारखे आहे?

मनन करण्यासाठी प्रश्न :
१. दावीदाने काय करावयास पाहिजे होते?
२. आपल्या मंडळीतील लेकरू असे दुःख कोणास सांगू शकेल? त्या मनुष्याचे नाव त्यास ठाऊक आहे काय?
३. आपल्या गावच्या शाळेत मुलींच्या संडासास पाणी व दार आहे काय? ह्या आठवड्यात जाऊन पाहा.