परक्या गावातील मूल आणि गावाची जबाबदारी

दिवाळीच्या सुमारास बारामती व इंदापूर या तालुक्यांतील रस्त्यांचे स्वरूप पालटते. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून निघालेले ट्रक व ट्रॅक्टर संसाराचे साहित्य आणि माणसे घेऊन येथे दाखल होतात. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अवर्षणग्रस्त भूमीला पाणी दिले. पुढे उजनीच्या जलाशयाने इंदापूरच्या भीमाकाठाला ओलावा दिला. पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाबरोबर माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील साखर कारखाने उभे राहिले. या कारखान्यांचा गळीत हंगाम ज्यांच्या कोयत्यावर चालतो, ते मजूर मात्र येथील रहिवासी नव्हेत. मुकादमाकडून उचल घेऊन ते येतात, पाच-सहा महिने खोप्यांत राहतात आणि हंगाम संपताच परततात.

त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही येतात. भल्या पहाटे आई-वडील फडात गेल्यावर तान्ह्या भावंडाला सांभाळणारी आठ-दहा वर्षांची मुलगी हे तळावरील नेहमीचे दृश्य होय. या मुलांच्या संरक्षणात गावातील नागरिकाने, विशेषतः स्वेच्छेने पुढे येणाऱ्या कार्यकर्त्याने, नेमके काय करावयाचे आणि काय करावयाचे नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शेजार तुटला की

आपल्या गावात मूल केवळ आई-वडिलांच्या नजरेखाली नसते. आजी, चुलते, शेजारीण, गुरुजी, दुकानदार अशा अनेकांचे डोळे त्याच्यावर असतात. मूल दोन दिवस शाळेत दिसले नाही, तर कोणीतरी विचारते. मुलीचे लग्न ठरत असेल, तर तिचे वय किती हे ठाऊक असणारी चार माणसे जवळपास असतात. हे अलिखित संरक्षण स्थलांतराबरोबर नाहीसे होते. तळावर त्या मुलाला नावाने ओळखणारे थोडे, आणि तळाबाहेर बहुधा कोणीच नाही.

युद्धाने व यादवीने पोळलेल्या देशांतील मुलांची अवस्था याहून कितीतरी भीषण असते, यात शंका नाही. ऊसतोडणीचा हंगाम म्हणजे युद्ध नव्हे. परंतु तेथील बाल संरक्षणाच्या अनुभवातून निघालेले एक तत्त्व येथेही तंतोतंत लागू पडते. मूल आपल्या शेजारापासून तुटले की शोषण, अत्याचार, बालमजुरी व बालविवाह यांचा धोका वाढतो. म्हणून संरक्षणाचे पहिले काम हा शेजार पुन्हा उभा करणे हेच होय.

वळिवडे ते नेपाळ

महाराष्ट्राला या कार्याची जुनी ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून सोव्हिएत संघात हद्दपार झालेली कुटुंबे मध्य आशिया व इराणमार्गे भारतात आली. त्यांच्यासाठी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये वसाहत स्थापन झाली आणि १९४८ पर्यंत ती चालू राहिली. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे राहत होते व त्यांत स्त्रिया आणि मुले यांचीच संख्या मोठी होती. त्यांना केवळ अन्न आणि छप्पर देऊन काम संपविण्यात आले नाही. तेथे पोलिश भाषेतील शाळा होत्या, रुग्णालय होते, प्रार्थनामंदिर होते, बालवीर पथके होती. जामनगरजवळील बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी आश्रय दिलेली पोलिश मुलेही ती वसाहत बंद झाल्यावर वळिवड्यास आली. परमुलखात मुलाला त्याची भाषा, त्याचे शिक्षक आणि त्याला ओळखणारी माणसे मिळाली पाहिजेत, ही जाण त्या व्यवस्थेत होती.

रवांडामध्ये १९९४ च्या नरसंहारानंतर हजारो मुले कुटुंबापासून दुरावली. तेव्हा मुलांची नावे, गावाच्या खुणा, नातेवाइकांची माहिती नोंदवून आणि छायाचित्रे लावून त्यांचे आप्त शोधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर करण्यात आले. मुलाला संस्थेत ठेवण्यापूर्वी त्याचे घर शोधावे, हा धडा त्यातून दृढ झाला.

नेपाळचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. १९९६ ते २००६ या काळातील सशस्त्र संघर्षात दुर्गम जिल्ह्यांतील अनेक मुले शिक्षणाच्या व सुरक्षिततेच्या आशेने काठमांडूकडे पाठविण्यात आली. त्यांतील कित्येकांचे आई-वडील हयात असताना त्यांना अनाथ म्हणून दाखविले गेले. परदेशातून आलेले स्वयंसेवक काही आठवडे मुलांना लळा लावून परत जात, आणि त्यांच्या देणग्यांमुळे अशा संस्था वाढत. हेतू चांगला असला तरी पद्धत चुकीची असेल तर मुलाचे अहितच होते, हे प्रत्येक स्वयंसेवकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कायद्याने दिलेली चौकट

आपल्याकडे या कार्याला कायद्याचा भक्कम आधार आहे. मुंबई इलाख्यात मुलांसंबंधीचा स्वतंत्र कायदा १९२४ मध्येच झाला होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली व भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली. सध्या लागू असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ चा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्याने बालक ठरते.

या कायद्याने दोन स्वतंत्र यंत्रणा निर्माण केल्या आहेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकासाठी बालकल्याण समिती असते. तिच्यात अध्यक्ष व चार सदस्य असतात. ज्या बालकाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे, त्याला कायद्याच्या मराठी परिभाषेत विधी संघर्षग्रस्त बालक म्हणतात. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. या मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या जोडीला दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात व त्यांपैकी किमान एक महिला असते. मुलांच्या न्यायदानात समाजाला प्रत्यक्ष स्थान देण्यात आले आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

संरक्षणाची गरज असलेले बालक आढळल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत त्यास बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीची बैठक नसेल, तर एका सदस्यापुढेही हजर करता येते. बारामतीपासून पुणे सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूरहून त्याहून दूर आहे; परंतु अंतर हे दिरंगाईचे कारण होऊ शकत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असून २०२३ पासून तो शासकीय यंत्रणेमार्फत चालविला जातो.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार, असा अपराध घडल्याचे ज्यास कळते त्याने ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाच अपराध ठरतो. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या सोयीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो, पोलीस अधिकारी गणवेशात नसावा लागतो आणि बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. बालकास मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला असून त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते.

गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक, पोलीस पाटील यांसारखी मुलांच्या निकट असणारी माणसे तिच्यात असतात. गावाबाहेरचा ऊसतोडीचा तळ हाही त्या समितीच्याच कार्यक्षेत्राचा भाग होय. मतदारयादीत नाव नसलेल्या कुटुंबाचे मूलही त्या गावात आहे तोवर त्या गावाचेच आहे.

एक उदाहरण

समजा, एखाद्या तळावर पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरल्याची कुणकुण शिक्षिकेस लागली. आई-वडिलांच्या मनात वैर नसते. मुलीला गावी एकटी ठेवण्याची भीती असते, तळावर न्हाणीघराला दार नसते आणि नवरा-बायकोची जोडी झाली की एक कोयता होऊन नवी उचल मिळते. ही कारणे समजून घेतल्याखेरीज केवळ धाक दाखविल्यास लग्न टळत नाही, ते दुसऱ्या तालुक्यात लागते.

अशा वेळी शिक्षिकेने ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांस तत्काळ कळवावे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यान्वये ग्रामीण भागात प्रतिबंध अधिकाऱ्याची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. १०९८ वरही माहिती द्यावी. लग्न थांबल्यानंतरचे काम स्वयंसेवकाचे आहे. मुलीस जवळच्या शाळेत बसविणे, तळावर अंगणवाडीची सोय मिळवून धाकट्या भावंडाचा भार तिच्या कडेवरून उतरविणे, परत जाताना शिक्षण हमी पत्रक तिच्या हाती देणे, आणि मूळ गावच्या हंगामी वसतिगृहाची माहिती आई-वडिलांना सांगणे, ही कामे लहान दिसतात. परंतु पुढच्या हंगामात त्या मुलीचे लग्न होणार की ती शाळेत बसणार, हे त्यांवरच ठरते. दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्पष्ट केले आहे.

स्वयंसेवकाची मर्यादा

स्वयंसेवकाने पाहावे, ऐकावे, कळवावे आणि सोबत राहावे. त्याने चौकशी अधिकारी होऊ नये. मुलाला तीच घटना चार जणांपुढे सांगावयास लावणे म्हणजे त्याची जखम चार वेळा उघडणे होय. मुलाचे नाव, छायाचित्र वा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे. भ्रमणध्वनीवरील गटात तो पाठविणेही त्याच मनाईत येते. कोणतेही मूल शिक्षणासाठी किंवा घरकामासाठी म्हणून परस्पर कोणाच्या घरी ठेवू नये. तो निर्णय बालकल्याण समितीचा आहे. आणि अत्याचाराच्या प्रकरणात गावकी बसवून तडजोड करू नये. मोठ्यांची प्रतिष्ठा राखण्यासाठी मुलाचा न्याय खर्ची घालण्याचा अधिकार कोणत्याही पंचाला नाही.

ज्याला दर आठवड्यास एक दिवस देता येत असेल, त्याने संपूर्ण हंगामभर तोच दिवस द्यावा. एका दिवसात खाऊ वाटून छायाचित्रे काढणाऱ्या शंभर जणांपेक्षा पाच महिने नित्य येणारा एक जण मुलांना अधिक उपयोगी पडतो, कारण मुलांची नावे त्याला ठाऊक असतात.

हंगाम संपतो, खोप्या मोडल्या जातात आणि पाचट वाऱ्यावर उडते. तळावरून जितकी मुले आली तितकी सुखरूप परतली काय, हा प्रश्न त्या दिवशी ज्या ग्रामपंचायतीस विचारता येईल व ज्याचे उत्तर नावानिशी देता येईल, तिने आपले कर्तव्य केले असे म्हणता येईल.

ग्रामसभा व शिक्षकांच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाच्या हद्दीत सध्या किती तळ आहेत व त्यांवर किती मुले आहेत, याची नोंद कोणाकडे आहे?

२. ग्राम बाल संरक्षण समितीची मागील बैठक केव्हा झाली व तीत तळावरील मुलांचा विषय होता काय?

३. आपल्या पोलीस ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, हे शिक्षक व अंगणवाडी सेविका यांना ठाऊक आहे काय?

४. तळावरील मुलाला काही सांगावयाचे असल्यास, ते ज्याच्याजवळ विश्वासाने जाईल असा आपल्या गावातील माणूस कोण?